बाराव्या पानावरची कावीळ

हानोवरला लाइन नदीच्या काठावर दर शनिवारी जुना बाजार भरतो. पलीकडच्या काठावर शिल्पकार नीकी द सँ फालच्या त्या गलेलठ्ठ, रंगीबेरंगी बायकांचे पुतळे नाचताहेत आणि अलीकडे लोकांच्या माळ्यांवरून उतरवलेलं सामान. मी मुळात तिथे सुतारकामाची जुनी हत्यारं शोधायला जायचो. तीन वर्षांपूर्वी असाच एका खोक्यात रंधे चाळत होतो, तर तळाशी तपकिरी पुठ्ठ्याची एक चोपडी सापडली. खिशात वाकून वाकून कमरेत मोडलेली. मुखपृष्ठावरच्या गरुडाच्या पायाशी विक्रेत्याने पांढरा कागद चिकटवला होता. जर्मनीत स्वस्तिक उघड मांडायला कायद्याने बंदी आहे, अभ्यास-संशोधनाला सूट असते. त्यामुळे बाजारात सगळे असा एक ठिगळ लावून मोकळे होतात.

हत्यारं राहिली बाजूला. ती चोपडी घेऊन घरी आलो आणि तिथून हे वेड लागलं.

ती होती झोल्डबुख. शब्दशः पगारपुस्तक, पण दुसऱ्या महायुद्धात हेच जर्मन शिपायाचं ओळखपत्र. भरतीच्या तपासणीत आधी मिळायचा तो वेअरपास, राखाडी रंगाचा. प्रत्यक्ष सेवेत गेलं की वेअरपास तुकडीच्या कचेरीत जमा आणि त्याच्या बदल्यात झोल्डबुख हातात. ते सतत अंगावर, छातीच्या खिशात ठेवायचं. माणूस मेला तर वेअरपास घरच्यांकडे पाठवला जाई. म्हणून एखाद्या घराच्या कपाटातून वेअरपास निघाला तर त्याचा मालक परत आला की नाही ते आत वाचल्याशिवाय सांगता येत नाही. झोल्डबुख निघालं तर मात्र बहुतेक वेळा तो माणूस ते स्वतःच्या खिशात घालून घरी आलेला असतो. मला हे कळायला वर्ष गेलं.

पहिला अडथळा लिपीचा. छापील मथळे लागायचे, पण हाताने लिहिलेलं म्हणजे नुसत्या टोकदार लाटा. आपल्याकडे देवनागरी वाचणाऱ्यापुढे मोडीचा कागद ठेवला की जी गत होते, तीच माझी. ई, एन, एम, यू सगळी एकसारखी, यू ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. ही जुनी वळणं शाळांतून १९४१ साली बंद झाली, पण कचेरीतल्या कारकुनांचे हात थोडेच एका फतव्याने बदलतात! शेवटी धावून आल्या आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी. (मनात आजी, तोंडाने अर्थातच फ्राउ आणि आडनाव, नऊ वर्षं झाली तरी.) आईची पत्रं वाचून वाचून त्यांच्या डोळ्यांत ही लिपी बसलेली. भिंग लावून त्या एकेक शब्द उच्चारायच्या आणि मी लिहून घ्यायचो.

पान दोन: धंदा सुतार. चेहरा लांबट, दाढी नाही, डोळे निळसर करडे. बुटाची लांबी २८, रुंदी ५. विशेष खुणा: डाव्या करंगळीचं टोक नाही. इथे आजी थांबल्या आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाल्या, "करवतीपासून जपून राहा." मी सुतार नाही, हौशी आहे, हे त्यांना कितीदा सांगितलंय.

चौथ्या पानावर त्याची रेजिमेंट: इन्फंटरी रेजिमेंट १८, मूळ ठाणं बीलेफेल्ड, सहाव्या इन्फंटरी डिव्हिजनमधली. त्यातल्या 'इन्फंटरी'वर काट मारून वर वेगळ्या शाईने 'ग्रेनाडिअर' लिहिलंय. १५ ऑक्टोबर १९४२ ला पायदळाच्या रेजिमेंटांची नावं सरसकट बदलली, त्याची ही खूण. ही काट मला तेव्हा किरकोळ वाटली होती. पुढे दुसऱ्या एका चोपडीत ती नसणं मला महागात पडलं.

झालं असं, की पहिल्या खरेदीने डोकं चढलं आणि मी ऑनलाइन एक 'भारी' झोल्डबुख घेतलं. बाविसाव्या पानावर पदकंच पदकं. लोखंडी क्रॉस दोन्ही वर्गांचा, जखमींचं पदक, हल्ल्याचं पदक. विक्रेत्याने तेच पान मोठं करून दाखवलं होतं. पैसे किती दिले ते इथे लिहीत नाही, कारण बायकोही हे वाचते. आठवडाभर मिरवलं. मग एका रात्री चौथं पान बघताना दिसलं: १९४०च्या नोंदीत, त्याच शाईने, एका दमात लिहिलेलं 'ग्रेनाडिअर रेजिमेंट'. सामान्य पायदळ रेजिमेंटीला १९४० साली ते नाव नव्हतंच. त्यानंतर एकेक गोष्ट सुटत गेली. पाच वर्षांच्या नोंदी एकाच हाताच्या. पिना गंजलेल्या, पण गंजाचा डाग शेजारच्या कागदावर उतरलेला नाही, म्हणजे पिना जुन्या आणि पानं नंतर बसवलेली. अतिनील दिवा धरला तर मधली चार पानं निळीशार चमकली. कागदात ती चमक आणणारी रसायनं युद्धानंतरची. विक्रेत्याने उत्तर दिलं नाही. ती चोपडी मी ठेवून दिलीय. खोट्या वस्तूइतका चांगला मास्तर नाही.

तेव्हापासून मी पदकांच्या पानाकडे शेवटी जातो. बाजारभाव सगळा त्या पानावर ठरतो, म्हणून खाडाखोडही तिथेच होते. एसएसची, म्हणजे नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाची, कागदपत्रं तर घेतच नाही. त्यांना गिऱ्हाईक असतं ते बऱ्याचदा मला ज्याच्याशेजारी उभं राहायचं नाही असं, आणि बनावट मालही तिथेच जास्त.

माझ्या सुताराच्या बाविसाव्या पानावर फक्त दोन ओळी. एक, काळं जखमी-पदक. दुसरी, १९४१-४२च्या हिवाळी मोहिमेचं पदक. पूर्व आघाडीवर तो पहिला हिवाळा काढलेल्यांना ते मिळे, हिमदंश झाला असला तरी मिळे. शिपाई त्याला 'गोठलेल्या मांसाचं पदक' म्हणायचे. सहावी डिव्हिजन तेव्हा रशियात र्झेव्हला होती.

खरी गोष्ट बाराव्या पानावर आहे. हे रुग्णालयाचं पान. रोगाचं नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक, दाखल तारीख, सुटल्याची तारीख, शिक्का. दाखल ९ जून १९४४, सुटका २१ जुलै. क्रमांकाची यादी मिळवून बघितला तर कावीळ. मी अगदी निराश झालो. कावीळ! मग नकाशा उघडला. त्या जूनमध्ये त्याची डिव्हिजन बेलारूसमध्ये बोब्रुइस्कच्या बाजूला होती. २२ जूनपासून सोव्हिएत फौजांनी 'बाग्रातिओन' मोहीम उघडली, २९ जूनला बोब्रुइस्क पडलं आणि सहावी डिव्हिजन त्या वेढ्यात संपली. तेव्हा हा पडून होता पिवळा होऊन, पलंगावर. सातव्या पानावर जुलैमध्ये त्याला सगळं नवं दिल्याची नोंद आहे: कोट, दोन शर्ट, मोजे तीन जोड.

बर्लिनला अर्ज केला. १९३९ साली हानी आणि कैद्यांची माहिती ठेवायला काढलेली एक कचेरी होती, तिच्याकडे १ कोटी ८० लाखांहून जास्त कार्डं आहेत आणि २०१९ पासून ती संघराज्याच्या अभिलेखागारात सामील झालीय. गळ्यातल्या बिल्ल्याचा क्रमांक पहिल्या पानावर असतोच, तो दिला. बऱ्याच महिन्यांनी दोन पानी उत्तर आलं: रुग्णालयाच्या तारखा जुळल्या आणि १९४५ मध्ये ब्रिटिशांच्या कैदेतून सुटल्याचं कळलं. पॉट्सडामचं लष्करी अभिलेखागार एप्रिल १९४५च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, तिथे कागदांची राख झाली. म्हणून या खिशातल्या चोपड्यांची किंमत.

पण त्यात काय नाही तेही सांगतो. बुटाची रुंदी आहे, देवीची लस आहे, मोजे आहेत. र्झेव्हच्या आसपासच्या गावांत त्या रेजिमेंटीने काय केलं, याने काय केलं किंवा काय बघितलं, त्यासाठी रकाना नाही. १९९५ साली हांबुर्गच्या एका संशोधन संस्थेने वेअरमाख्टच्या, म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याच्या, गुन्ह्यांवर प्रदर्शन मांडलं, तेव्हा या देशात घराघरांत भांडणं झाली. आजी म्हणतात, त्यांच्या घरातही. त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. सुताराबद्दल मला जी माया वाटायला लागली होती, तिला त्या दिवशी जरा आवर घातला.

गेल्या महिन्यात तोच विक्रेता पुन्हा दिसला. चोपडी कुठून आली म्हणून विचारलं. एका म्हाताऱ्या बाईंचं घर रिकामं करताना, तो म्हणाला. बीलेफेल्डजवळ. सोबत पत्रांचा सुतळीने बांधलेला गठ्ठाही होता. तो आधीच्याच शनिवारी गेला.

"कोणी नेला?"

"तिकिटं जमवणारा होता कोणी."

फेल्डपोस्टच्या, म्हणजे सैन्याच्या टपालाच्या, साध्या पत्राला तिकीट लागतच नसे. त्या माणसाने घरी जाऊन सुतळी सोडली असेल, उलटसुलट बघितलं असेल आणि एकही तिकीट नाही म्हणून चरफडला असेल. आता दर शनिवारी मी रंधे बघत नाही, कागदांची खोकी उपसतो. टाकून दिला नसला, तर तो गठ्ठा कधीतरी परत बाजारात येईल.