‘बर्फाचे टायर’ गळ्यात मारून घेण्याआधी: पिकअपने नाशिक ते काझा, जानेवारी

नाशिकात बर्फाचे टायर मिळत नाहीत. मुंबई नाक्यापासून अंबडपर्यंत जिथे जिथे विचारलं तिथे "आहेत ना साहेब" हेच उत्तर आलं, म्हणून हे सगळ्यात आधी लिहितोय. आपली थंडी म्हणजे निफाडचा पारा घसरला की पेपरात शेकोटीचा फोटो, एवढीच. तिला कुठलाही टायर चालतो. जानेवारीत किन्नौरमार्गे हिमाचलच्या स्पितीत (काझा तिथलंच) शिरायचं असेल तर मात्र दुकानदाराच्या तोंडाकडे नाही, टायरच्या साइडवॉलकडे, म्हणजे बाजूच्या भिंतीकडे बघा.

मला एकाने ‘एम प्लस एस’ ही अक्षरं दाखवून चार ऑल-टेरेन टायर विकले. साइज २४५/७० आर १६, बिल सत्तर हजारांच्या घरात. "एस म्हणजे स्नो, कंपनीनेच लिहिलंय." कंपनीनेच लिहिलंय, हीच तर गोम आहे. नक्षी रुंद आणि खोल असली की कंपनी ही अक्षरं स्वतःच छापते, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही. चाचणीत उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असं छोटं चिन्ह असतं. बीएफ गुडरिचच्या केओ२ वर ते असतं, तरी घेताना आपल्या साइजवर बोट ठेवून बघायचंच. चिन्ह नसेल तर तो चिखलाचा टायर समजा. आपल्या पावसाळ्यात झकास, बर्फावर बेभरवशाचा. साइडवॉलवरचा चार आकडी कोडही वाचा: ३२२१ म्हणजे २०२१ सालचा ३२वा आठवडा. जुना माल स्वस्तात देतो म्हणाला तर उठून या, रबर आधीच कडक झालेलं असतं.

मग अस्सल विंटर टायरच का मागवू नयेत? साधारण ७ अंशांच्या खाली साधं रबर ताठरतं, विंटरचं मऊ राहतं आणि त्याच्या ठोकळ्यांवर बारीक काप असतात, ते पकड देतात. पण तेच मऊ रबर धुळे, इंदूर, ग्वाल्हेरच्या गरम डांबरावर झपाट्याने झिजतं. परत येऊन एप्रिलात नाशिकमध्ये तेच घालून फिरणार का? माझं मत ठाम आहे: डोंगर-हिमकण चिन्हाचे ऑल-टेरेन आणि सोबत स्वतःची साखळी, बर्फात पकड मिळावी म्हणून चाकाला गुंडाळतात ती. यातलं एकच परवडणार असेल तर साखळी.

चंदीगडपर्यंत लिहिण्यासारखं काही नाही, महामार्ग आहे, चालवा. शिमल्यानंतर नारकंड्याच्या अलीकडे बर्फ लागला आणि साखळीवाले दिसले. भाडं दीड हजार, बसवायचे पाचशे, पुढे उतरवायला बसलेल्या त्याच्या माणसाचे तीनशे वेगळे. वर ती साखळी होती छोट्या कारची! माझ्या चाकाला ताणून तारेने बांधली, आणि पहिल्याच वळणाला तार तुटून साखळी मडगार्डवर आपटायला लागली. पैसे परत मागितले तर "गाडी बडी है आपकी". मेहुणा बाह्या सरसावून उतरला होता, त्याला आवरलं. तेव्हा साखळी आपल्या टायरच्या साइजची, आधीच विकत घेतलेली हवी. घरी पार्किंगमध्ये हातमोजे घालून बसवायचा सराव करा, कारण तिथे उणे दहात उघड्या बोटांनी हुक लागत नाही.

आता खरा घोळ. रामपूरपासून खाबपर्यंत रस्ता अरुंद पण कोरडा. नाको ओलांडून मलिंग नाल्याकडे निघालात की चांगोच्या उतारापर्यंतचा तुकडा माणसाचं पाणी पाणी करतो. दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ वितळून पाणी रस्त्यावर येतं आणि सावली पडली की त्याची काच होते. डांबर नुसतं ओलं दिसतं, बर्फ दिसतच नाही. आम्ही तिथे चारच्या सुमारास पोहोचलो. ब्रेकला पाय लावला आणि मागचा भाग दरीच्या बाजूला निघाला. ठोकळेदार महागडे टायर, फोर बाय फोर चालू, तरी गाडी आपल्या मर्जीने सरकत होती. फोर बाय फोर गाडी हलवतं, थांबवत नाही. मेहुणा चाकामागे दगड टाकत चालत होता आणि मी फोर-लोमध्ये (फोर बाय फोरचा संथ, जास्त जोराचा गिअर) पहिल्या गिअरवर, ब्रेकला हात न लावता खाली उतरवली. हा तुकडा सकाळी अकरा ते दोनच्या मध्ये पार करा. उशीर झाला तर नाकोत मुक्काम करा, गारठा सोसा, पण पुढे जाऊ नका.

पिकअपचं दुखणं वेगळंच असतं. रिकाम्या हौद्यामुळे मागचा अॅक्सल हलका, आणि फोर बाय फोर बंद असताना ताकद मागच्याच चाकांना. वाळूची पोती, शंभर-सव्वाशे किलो, अॅक्सलच्या बरोबर वर ठेवून पट्ट्याने आवळा. सुटं सामान टाकू नका, ब्रेक लागला की तेच केबिनवर येतं. चाक अडकलं तर तीच वाळू खाली पसरता येते. साखळीची एकच जोडी असेल तर बहुतेक पिकअपच्या पुस्तिकेत मागची चाकं सांगितलेली असतात, आपली पुस्तिका बघून घ्या. साखळी चढवल्यावर वेग तीस-चाळीसच्या वर नको, आणि कोरडं डांबर आलं की लगेच काढा, नाहीतर साखळीही जाते आणि टायरही.

हवेबद्दल सगळे अर्धंच सांगतात. नाशिकला ३० अंशांत ३५ पीएसआय भरले तर उणे दहात थंडीमुळे साडेसहाच्या आसपास कमी होतात, हे खरं. पण काझा साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. तिथे बाहेरचाच दाब कमी, त्यामुळे गेजवर (हवा मोजायच्या मापकावर) चार-साडेचार परत मिळतात. म्हणून अंदाजाने भरू किंवा सोडू नका. स्वतःचा गेज ठेवा, रोज सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा. खाली उतरताना तर नक्कीच, कारण वर बरोबर वाटलेली हवा रामपूरला कमी भरते.

काझा सुंदर आहे, ताबोचा मठ ९९६ सालचा आहे, फोटो सगळ्यांनी टाकलेत. परतीत नाको सकाळी साडेअकराला पार केलं, साखळी आमची स्वतःची, काझ्यात एका ट्रकवाल्याकडून घेतलेली. नारकंड्याचा तो साखळीवाला हात दाखवत होता. थांबलो नाही.