जेसीच्या उशाशी कोण बसलंय?

शनिवार, रात्री पावणेबारा

सगळे झोपले. मला काही झोप येत नाही, म्हणून वही काढली.

जेवणं झाल्यावर मुक्ताने तिच्या लॅपटॉपची वायर टीव्हीला जोडली आणि 1979 चा ‘मॅड मॅक्स’ लावला. ऑस्ट्रेलियात बनलेला, पहिला. ओंकार सुट्टीला आलाय. त्याने 2015 चा ‘फ्युरी रोड’ चारदा पाहिलाय, पहिला मात्र कधीच नाही. हे आरामखुर्चीत होते आणि मी शेंगा सोलत बसले होते. दहा मिनिटांत शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

ओंकारची निराशा लपत नव्हती. “मावशी, यात वाळवंट कुठाय? जग तर अजून बुडालेलंच नाही.” त्याला टोळ्या, मुखवटे आणि पाण्यासाठीची मारामारी हवी होती. इथे आइस्क्रीमचं दुकान उघडं आहे, पोलीस नायक मॅक्सची बायको जेसी सॅक्सोफोन वाजवतेय, बाळ रांगतंय. पोलीस आहेत, पण त्यांचं ‘हॉल्स ऑफ जस्टिस’ म्हणजे एक पडकी इमारत आणि वाकडी पाटी. “मधला अर्धा तास तर काहीच घडत नाही,” तो म्हणाला. तसं वाटणारे तो एकटाच नसणार. नंतरचे भाग आधी पाहून इकडे आलेल्या प्रत्येकाला हा चित्रपट संथ वाटेल.

मला नेमका तोच भाग धरून ठेवत होता. सुरुवातीला पडद्यावर एवढंच येतं की ही आजपासून काही वर्षांनंतरची गोष्ट. कोणतं युद्ध, कोणता बॉम्ब, काही सांगत नाहीत. टँकरमधून चालत्या रस्त्यावर तेल चोरतात, एवढ्यावरून काय ते समजून घ्यायचं. पटकथेत दिग्दर्शक जॉर्ज मिलरबरोबर जेम्स मॅककॉस्लंड हा पत्रकार होता, आणि 1973 च्या तेलटंचाईत पेट्रोलसाठी माणसं कशी एकमेकांच्या अंगावर धावून गेली ते त्याच्या डोक्यात ताजं होतं. दुकान उघडं असतं, बाळाचं दूध गरम होत असतं, आणि तिकडे रस्त्यावर कायदा संपलेला असतो. 2005 च्या पुरात आमच्या गावात मी हे थोडंफार पाहिलंय. पाणी ओसरल्यावर दुसऱ्याच दिवशी एका गल्लीत चहाची टपरी सुरू झाली होती आणि शेजारच्या गल्लीत लोक गोडाऊन फोडत होते.

यांचं मत वेगळ्याच वाटेने गेलं. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! पहिलं वाक्य, “हे लोक आपल्यासारखंच डावीकडून चालवतात.” मग टायरकडे, वळणाकडे, रस्त्याच्या कडेकडे लक्ष. सुरुवातीच्या पाठलागात एक निळी व्हॅन पार चेचली जाते तेव्हा हे खुर्चीत पुढे सरकले. मुक्ता म्हणाली, ती दिग्दर्शकाची स्वतःची होती, दुसरी गाडी फोडायला पैसेच नव्हते. साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरात अख्खा चित्रपट उरकलेला. यातल्या मोटरसायकलवाल्या टोळीत खऱ्या मोटरसायकल क्लबातली माणसं. बरेचसे पोलीस रेक्झिनच्या कपड्यात, कारण खरं चामडं एकदोघांनाच परवडलं. मेलबर्नच्या बाहेरच्या सपाट, रिकाम्या रस्त्यांवर शूटिंग. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पैसे नव्हते ते दिसतं. पण रस्ता खोटा नाही.” त्यांच्या तोंडून ही मोठी दाद आहे. घाटात एसटी घालणारे हिंदी सिनेमे ते अर्ध्यावर बंद करायला लावतात.

टोकटर म्हणजे टोळीचा म्होरक्या समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळतो, तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पाहिलं, पण काही बोलले नाही.


रविवार, दुपारी

सकाळी मुक्ताने आणखी सांगितलं आणि मला रात्रभर काय टोचत होतं ते उलगडलं. जॉर्ज मिलर डॉक्टर. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयात इमर्जन्सीला काम केलेला. लहानपण क्वीन्सलंडमधल्या चिंचिला गावात गेलं, तिथल्या लांब सरळ रस्त्यांवर मित्र गमावलेला. चित्रपटाला पैसे जमवायला तो रात्रीबेरात्री इमर्जन्सी कॉलवर जायचा आणि त्याचा निर्माता मित्र बायरन केनेडी गाडी चालवायचा. एक डॉक्टर, एक ड्रायव्हर. मी कॅज्युअल्टीतली सिस्टर आणि हे ड्रायव्हर, त्यामुळे मला ते दोघे डोळ्यासमोर दिसलेच. मागच्या सीटवर बॅग, थर्मासमध्ये चहा, आणि पुढच्या कॉलला काय असेल याचा न बोललेला विचार.

या चित्रपटाला तेव्हा ‘मृत्यूचं अश्लील प्रदर्शन’ अशा धर्तीची शिवी बसली होती. फिलिप ॲडम्स या ऑस्ट्रेलियन टीकाकाराने तो झोडपला. न्यूझीलंडने त्यावर बंदी घातली, ती 1983 पर्यंत होती. स्वीडनमध्येही बंदी. इतक्या थोड्या पैशांत दहा कोटी डॉलरहून जास्त कमावणारा चित्रपट म्हणून गिनेस बुकात वर्षानुवर्षं नाव, आणि दुसरीकडे हे.

त्या टीकाकारांशी मला मनापासून भांडावंसं वाटतं. सत्तावीस वर्षं मी हायवेजवळच्या सरकारी रुग्णालयात काढली. रस्त्यावर माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे, आणि मिलरलाही माहीत होतं, म्हणूनच त्याने ते दाखवलेलं नाही. मॅक्सचा पोलीस मित्र गूस जळतो तेव्हा जळालेला गूस आपल्याला दिसत नाही. चादरीखालून एक हात बाहेर घसरतो आणि मॅक्स मागे हटतो. पलंगावर पडलेलं ते गूस नाहीच, असं तो म्हणतो. हेच मी किती नातेवाइकांकडून ऐकलंय! भाजलेल्या पेशंटची आई दारातूनच परत फिरते आणि म्हणते, सिस्टर, तुम्ही चुकीच्या खोलीत आणलंत.

जेसी बाळाला घेऊन रस्त्यावर पळते. मागून मोटरसायकली. मग फक्त रस्ता, त्यावर एक छोटा बूट आणि चेंडू. बस्स. ओंकार रात्री म्हणाला, “इथे पैसे कमी पडले असतील.” असतीलही. पण आमच्याकडे कॅज्युअल्टीच्या कोपऱ्यात एक पत्र्याचा डबा असायचा. अपघातातल्या पेशंटच्या अंगावरच्या वस्तू त्यात जायच्या. चष्मा, एक चप्पल, मंगळसूत्र, डब्याची पिशवी. मला आज किती चेहरे आठवतात? फार थोडे. डब्यातली लाल रिबीन मात्र आठवते, आणि तो डबा नातेवाइकांपुढे ठेवताना आपल्या हाताला आलेलं जडपणही. तो बूट तिथे ठेवणाऱ्या माणसाने असा डबा कुठेतरी नक्की पाहिलेला आहे.

मुक्ताला संकलनाचं कौतुक. टोकटरचे डोळे खोबणीतून बाहेर येतात तो तुकडा तिने थांबवून थांबवून दाखवला, अगदी काही फ्रेमचा आहे. मला तो एक आवडला नाही. तेवढा सोडला तर हात आवरता घेतलाय.

अमेरिकेत 1980 मध्ये हा चित्रपट दाखवताना जवळपास सगळ्यांचे आवाज बदलून अमेरिकन उच्चार भरले होते म्हणे. मॅक्स झालेल्या मेल गिब्सनचाही आवाज काढला, आणि तो तर न्यूयॉर्क राज्यातच जन्मलेला. तिथल्या पहिल्या प्रेक्षकांनी परक्याच आवाजांवरून मत बनवलं असणार.


रविवार, रात्री

ओंकारला सोडायला स्टँडवर गेलो होतो. रिक्षात पुन्हा तोच विषय. शेवट त्याला एकदम पटला. मॅक्स काळी गाडी काढतो, एकेकाला गाठतो, शेवटी टोळीतल्या जॉनीला बेडीने उलटलेल्या गाडीला अडकवतो आणि हातात करवत देतो. बेडी कापायला वेळ लागेल, पाय लवकर कापून होईल. मागे स्फोट होतो, मॅक्स मान वळवत नाही. “ॲक्शन सुरू होते तिथेच संपला,” ओंकारची तक्रार एवढीच.

मी म्हटलं, “आणि जेसी?”

“ती मेली ना!”

मेलेली नाही. बहुतेक सगळे तसंच धरून चालतात, मुक्तानेही तेच धरलं होतं. बाळ गेलं, पण जेसी रुग्णालयात आहे. कॉरिडॉरमध्ये डॉक्टर तिच्या दुखापती बोलतात, आणि मॅक्स ते ऐकतो. मग घरी जातो, थोडा वेळ बसतो आणि निघून जातो. जेसीचं पुढे काय झालं हे हा चित्रपट सांगत नाही. सगळ्यांच्या नजरा त्या काळ्या गाडीवर, आणि माझी नजर मागे त्या वॉर्डातच राहिली. तिला शुद्ध आली असेल का? बाळाबद्दल तिला कोणी सांगितलं? पायाला पट्ट्या लावून चालणारी ती म्हातारी मे तरी येऊन बसली असेल का?

मी असे मॅक्स पाहिलेत. बायको आत, आणि हा ट्रकवाल्याला शोधायला चार जणांना घेऊन निघालेला. “दादा, जाऊ नका, त्या हाक मारतील,” असं मी सांगायचे. काही थांबायचे. एक जण थांबला नाही. त्याची बायको पहाटे तीनच्या सुमाराला डोळे उघडून दाराकडे बघत होती आणि मी सांगत होते, येतायत, पाणी आणायला गेलेत.

ओंकार काही बोलला नाही. गाडी लागली, तो चढला, खिडकीतून हात केला.

परतताना यांना विचारलं, “तुम्ही असतात तर?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “गाडी काढली असती. पण रुग्णालयाच्या फाटकापर्यंतच. तुझी ड्यूटी असताना रात्री काढायचो ना, तेवढीच.”

बाळंतपणाच्या आदल्या महिन्यात मी नाइट करत होते तेव्हा हे फाटकाबाहेर स्कूटरवर झोपायचे. मी ते विसरले होते.