ज्योत्स्नाबाई पहिल्या होत्या का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. गाण्याच्या वर्गात ‘बोला अमृत बोला’ हे नाट्यगीत शिकवायला घेतलं की कुणी ना कुणी विचारतंच, “रंगभूमीवर बाईचं काम बाईनं करायला ज्योत्स्ना भोळ्यांपासूनच सुरुवात झाली ना?”

नाही. कमलाबाई गोखले कितीतरी आधीपासून नाटकांत होत्या. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ या मूकपटात त्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत, दोघींनी काम केलं. हिराबाई बडोदेकरही संगीत नाटकांत उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा मान काढून ज्योत्स्नाबाईंना देऊ नये.

पण १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आलं, तेव्हा काहीतरी बदललं हे खरंच. बालगंधर्व पंचेचाळिशीला आले होते, तरी स्त्रीभूमिका करतच होते. त्यांची पदं रंगत रंगत रात्र सरायची. मला ती अजून वेड लावतात. इथे मात्र केशवराव भोळ्यांच्या चाली आटोपशीर होत्या आणि गाणारी मुलगी होती अवघी एकोणीस वर्षांची, गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर. लग्नानंतर ती ज्योत्स्ना भोळे झाली. प्रसंगातली व्यक्ती बोलता बोलता गाऊ लागते आणि मनातलं सांगून झालं की थांबते, हे तिच्या गळ्याला शोभलं. ताना येत नव्हत्या म्हणून नव्हे हो, गळा तयारच होता! कुठे थांबायचं ते कळत होतं.

मग १९४२ साली रांगणेकरांचं ‘कुलवधू’ आलं. त्यात ज्योत्स्नाबाई भानुमती झाल्या. सिनेमात काम करून कमावणारी सून त्या काळी गाण्यांसकट उभी करणं सोपं नव्हतं. ‘बोला अमृत बोला’ त्यातलंच. चाल मास्टर कृष्णरावांची, राग भैरवी.

माझ्या बाईंनी मला ते शिकवताना पहिले दोन दिवस पेटी उघडलीच नव्हती. “नुसतं ‘बोला’ म्हण,” म्हणायच्या. “दारात माणूस उभा आहे, त्याला म्हण.” मी म्हणत राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सूर दिला, आणि ‘बो’वर जोर न देता ‘ला’ नुसता सोडून द्यायचा हे मला आपोआप कळलं. मग ज्योत्स्नाबाईंची रेकॉर्ड लावली. त्या अगदी तसंच म्हणत होत्या.

म्हणून माझ्या वर्गातही पेटी तिसऱ्या दिवशीच उघडते.