तुम्ही विचारलंत म्हणून: माथ्यावर पोचायला किती वेळ लागतो?

दमछाक करणाऱ्या एखाद्या ट्रेकचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. पूर्वी मी झटकन आकडा सांगून मोकळा व्हायचो. आता आधी विचारतो, ‘परत कधी फिरायचं, ते ठरवलंय का?’

वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये ती सांगितली. साधारण ५ किलोमीटर चालीला १ तास, आणि वर दर ६०० मीटर चढाईला आणखी १ तास. म्हणजे वाट ७ किलोमीटरची आणि चढाई १२०० मीटरची असेल तर साडेतीन तासांच्या आत माणूस माथ्यावर हवा. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. पाठीवर सॅक, वाटेत घसारा, सोबत पाच-सहा जण असतील तर मी सरळ दीडपट धरतो.

शिवाय त्या मूळ नियमात उतरण्याचा वेगळा वेळ धरलेलाच नाही. पुढे एरिक लँगमुइर यांनी त्यात भर घातली: उतार सौम्य असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटं वजा करायची, तीव्र असेल तर तेवढीच मिळवायची. तीव्र उतारावर वेळ वाढतो, हे मला पुस्तकातून नाही, अंगावरून कळलं.

त्या दिवशी आम्ही पहाटे सहाला निघालो. सोंडेवरून खडी चढण होती, पण पाय ताजे होते. अकराच्या सुमारास वर माथा दिसला आणि सगळ्यांना जोर चढला. तिथं पोचलो तर पुढे आणखी एक उंचवटा. त्याच्यामागे आणखी एक. डोंगराची पाठ बाहेरून फुगीर असली की खालून खरा माथा दिसतच नाही. नजरेला जिथं उतार संपतो तेच टोक वाटतं. प्रत्येक उंचवट्यावर आम्ही ‘आता आलंच’ म्हणत पुढे सरकत राहिलो, आणि घड्याळ कुणीच पाहिलं नाही.

माथ्यावर टेकलो तेव्हा साडेतीन वाजले होते. समोर एकामागे एक डोंगररांगा, लांबची तर आभाळातच विरघळलेली. १००० मीटर उंचीवरून, मध्ये काही आडवं नसेल तर, क्षितिज ११० किलोमीटरांहूनही लांब असतं. मी त्या रांगांकडे बघत राहिलो. उठायची इच्छाच होईना.

उतरायला लागल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात आणि शरीराला ब्रेक लावत राहतात. चढताना फुप्फुसं बोलतात, उतरताना मांड्या. घसाऱ्याच्या टप्प्यावर पाय थरथरायला लागले. तिथंच एका मित्राचा घोटा मुरगळला. अंधार पडला तेव्हा आम्ही अर्ध्या वाटेवरही नव्हतो. सहा जणांत दोन टॉर्च. ज्या वाटेनं चढायला साडेनऊ तास लागले तिथून त्याला धरून उतरवता उतरवता मध्यरात्र उलटली.

तेव्हापासून निघण्याआधी परतीची वेळ कागदावर लिहितो आणि सगळ्यांसमोर वाचतो. वरून परत गाडीपर्यंत यायला लागणारा वेळ सूर्यास्तातून वजा करायचा, वर दोन तास राखीव ठेवायचे. त्यापेक्षाही आधीची वेळ ढग ठरवतात. सकाळी उन्हानं उतार तापतात, ती हवा वर चढत जाते, गार होते, आणि दुपारनंतर माथ्याभोवती ढग जमायला लागतात. गडगडाट ऐकू आला की उघड्या धारेवर क्षणभरही थांबायचं नाही.

पुढल्या वर्षी त्याच डोंगरावर गेलो. कागदावर एक वाजताची वेळ होती. एक वाजला तेव्हा शेवटची धार समोर होती, फार तर चाळीस मिनिटांची. आभाळ निरभ्र. आम्ही फिरलो. एक मैत्रीण खालपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मला तिचं काही चुकलं असं वाटत नाही. त्या दुपारी ढग आलेच नाहीत. संध्याकाळी गाडीपाशी बूट काढताना मागे वळून पाहिलं तर माथा तांबूस उन्हात स्वच्छ दिसत होता. मला हळहळ वाटली, आजही वाटते. तरीही वेळ मीच लिहिली होती आणि ती पाळली याचं दुःख नाही.

तिसऱ्यांदा पहाटे साडेचारला टॉर्चच्या उजेडात निघालो. रुसलेली मैत्रीण सगळ्यांत पुढे होती. माथा आला अकरा वाजून वीस मिनिटांनी. तासभर बसलो, तिनं एकेका रांगेचं नाव सांगितलं, आणि उजेडात खाली आलो.

तेव्हा त्या वाटेपुरतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: चढायला सात तास, उतरायला सहा. पहाटे साडेचारला निघा.