फार्सातली शपथ आणि पोलीस ठाण्याची नोटीस : माझा अनुभव

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठावर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, बसली की रात्री नमन, म्हणजे आमचं लोकनाट्य, होतं. त्यातला फार्स, म्हणजे विनोदी नाटुकलं, गेली काही वर्षं मी लिहितो. २०२५ च्या फार्सात पाणी योजनेचा ठेकेदार होता. "नलाला पानी नाय, पन बिलाला धार हाय!" याला गाव हसलं. मग ठेकेदार पालखीकडे हात करून खोटी शपथ घेतो, तिथे सगळे गप्प झाले. मला तेच हवं होतं. योजनेचं पाणी गावात खरंच आलं नव्हतं.

होळीपुढे फाका मारतात, म्हणजे नावं घेऊन टोमण्यांच्या आरोळ्या देतात, तेव्हा कोणाची गय नसते आणि दुसऱ्या दिवशी कोणी राग धरत नाही. पण शपथेची तेवढीच चाळीस सेकंदं कापून मोबाईलवर मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत पोचली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. "ग्रामदेवतेची विटंबना केलीत अशी तक्रार आहे. उद्या या." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर नोटिशीचा फोटो.

आई रात्रभर जागी. २०१२ मध्ये पालघरला, मुंबई बंदवर फेसबुकवर एकीने लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून दोन मुलींना अटक झाली होती, ते तिच्या मनात पक्कं बसलेलं. त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तुला कशाला बोलावलंय?"

उत्तर वकीलताईंकडे मिळालं. त्यांनी आधी विचारलं, "कलम कुठलं? कागद हातात आलाय?" पोलिसांनी हजर राहायला सांगणारी, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच सांगितलं होतं. आम्ही ठाण्याला तसं लिहून दिलं, तेव्हा शिक्क्याचा कागद घरी आला. त्यावर भारतीय न्याय संहितेचं, धार्मिक भावना दुखावण्याबद्दलचं कलम २९९ होतं.

ताईंनी संविधान उघडून समोर ठेवलं. १९(१)(अ) बोलायचं स्वातंत्र्य देतं आणि १९(२) त्याच्या मर्यादा सांगतं : सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी, अशा मोजक्या. 'कोणाला तरी वाईट वाटलं' असं त्यात कुठेही नाही. २९९ साठीसुद्धा भावना दुखावण्याचा हेतू जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीचा असावा लागतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असल्यामुळे गुन्हा नोंदवण्याआधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. नुकत्याच, २८ मार्चला, कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की अशा तक्रारींत आधी ही चौकशी करणं उचित, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेने जोखावा. ते ऐकल्यावर माझी छाती जरा सैल झाली.

ठाण्यात मी हाताने लिहिलेली अख्खी वही आणि पूर्ण फार्सचा व्हिडिओ नेला. साहेबांनी तो शेवटपर्यंत पाहिला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. जबाब टाइप झाला तेव्हा त्यात 'माझ्याकडून चूक झाली' असं आलं होतं. मी तसं बोललोच नव्हतो. ताईंनी ते वाक्य काढायला लावलं. दोन तास गेले, पण ते वाक्य राहिलं असतं तर पुढे जड गेलं असतं. चौकशी संपली आणि गुन्हा दिसून येत नाही, असं लेखी मिळालं.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. व्हिडिओ बघताना ताईंनी एका जागी थांबवून विचारलं होतं, "हे कशाला?" ठेकेदाराच्या बायकोच्या पाटल्यांवर मी एक ओळ टाकली होती. लोकांच्या पैशाच्या कामावर बोलायला बदनामीच्या कलमातही अपवाद आहेत. त्या बाईंचा योजनेशी काय संबंध? माझ्याकडे पुरावा नव्हता, नुसतं ऐकीव. ज्यावर खरंच मला कोर्टात ओढता आलं असतं, ती ओळ तक्रारीत नव्हतीच.

मी त्यांच्या घरी गेलो. त्या पडवीत आमसुलं वाळत घालत होत्या. "वहिनी, ती ओळ चुकली," एवढंच म्हणालो. बराच वेळ त्यांनी वर पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "त्या पाटल्या आईच्या होत्या."

पुढच्या शिमग्याला तोच फार्स उभा केला. शपथ ठेवली. पाटल्यांची ओळ नव्हती.