“शाळेत तर अगदी शहाण्यासारखा वागतो!”

इंग्लंडमध्ये ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलांच्या आईबाबांना हे वाक्य हमखास ऐकावं लागतं. शिक्षिका खोटं बोलत नसते. मूल सहा तास गोंगाट सोसतं, हात हलवायची ओढ दाबून धरतं, इतरांचं बघून हसतं; घराचं दार लागलं की सगळं बाहेर पडतं. याला मास्किंग म्हणतात. त्यावरून ‘घरी वळण नाही’ असा अर्थ काढला जातो, आणि तो मुलाला फार महाग पडतो.

गेटवर उभ्याउभ्या वाद घालू नका. दोन आठवडे रोज नोंद ठेवा: ‘मंगळवार. ३.२० ला शाळा सुटली. ३.४० ला बूट भिरकावले, ३५ मिनिटं टेबलाखाली. डबा तसाच परत. आज जेवायला दुसऱ्या हॉलमध्ये बसवलं होतं.’ शेवटची ओळ सगळ्यांत मोलाची, कारण त्रास कशाने झाला ते तिथे कळतं. नुसतं ‘फार चिडतो’ लिहिलंत तर शाळेला करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. ही नोंद सेन्कोला (विशेष गरजा असलेल्या मुलांचं पाहणारी शिक्षिका) ईमेल करा आणि मागणी नेमकी ठेवा: जेवायला दहा मिनिटं आधी सोडा, बदल आदल्या दिवशी चित्र दाखवून सांगा. २०१० च्या इक्वॅलिटी अ‍ॅक्टनुसार वाजवी सोयी करणं शाळेवर बंधनकारक आहे. तोंडी काही ठरलं तर त्याच संध्याकाळी ते लिहून पाठवा.

तरी काही हललं नाही, तर काउन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) ईएचसी मूल्यमापनाचा, म्हणजे मुलाच्या शिक्षण, आरोग्य आणि देखभालीच्या गरजा तपासण्याचा, अर्ज करा. ‘आधी निदान हवं’, ‘अर्ज शाळेनेच करायचा असतो’ असं सांगतात. तसं नाही. २०१४ च्या कायद्याप्रमाणे पालक स्वतः अर्ज करू शकतात, निदानाची अट नाही. मूल्यमापन करणार की नाही, हे काउन्सिलला ६ आठवड्यांत कळवावं लागतं. त्यातून ईएचसी प्लॅन (मुलाला कोणती मदत द्यायची ते ठरवणारा कागद) मिळणार असेल तर तो अर्जापासून २० आठवड्यांत. नकार आला तर पत्राच्या तारखेपासून २ महिन्यांत ट्रायब्युनलकडे (अशा वादांचा निवाडा करणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अपील करता येतं. त्यासाठी सहसा मध्यस्थीचं प्रमाणपत्र (मध्यस्थीचा विचार केल्याचा दाखला) लागतं, म्हणून मध्यस्थी सल्लागाराला पहिल्याच आठवड्यात फोन करा.

‘घरी मराठी बोलता म्हणून त्याचं बोलणं अडलंय’ हेही ऐकवतात. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही. मराठी सोडलीत तर मुलाची आजी तुटते.

आणि पुण्या-नाशिकच्या आजीआजोबांना कळकळीची विनंती: व्हिडिओ कॉलवर ‘माझ्याकडे बघ ना’ म्हणू नका. एका वेळी एकानेच बोला, दहा मिनिटं पुरेत. तो आगगाडीचे डबे जोडत असेल तर कॅमेरा तिकडेच राहू द्या आणि डब्यांबद्दल विचारा.