मोयामोयाची बायपास: ऑपरेशनचा दिवस सोपा, पुढचा आठवडा अवघड

‘कवटी उघडायची, नस जोडायची, आठवड्यात घरी.’ मोयामोया या मेंदूच्या नसांच्या आजारावरच्या बायपासबद्दल ओपीडीत साधारण एवढंच ऐकवलं जातं आणि कुटुंबं ऑपरेशनच्या दिवसाचा धसका घेऊन येतात. खरं तर तो दिवस त्यातल्या त्यात सोपा. पेशंट भुलेत असतो आणि भूलतज्ज्ञ बीपी, कार्बन डायऑक्साइड क्षणाक्षणाला बघत असतात. खरी घाटवाट त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत, आणि तिच्याबद्दल आधी कुणी धड बोलत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीबद्दल तर त्याहून कमी बोलतात.

आजार काय आहे हे इथवर आलेल्यांना माहीत असणारच: मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या कवटीत शिरल्यावर टोकाशी अरुंद होत जातात आणि तळाशी वाढलेलं बारीक वाहिन्यांचं जाळं मेंदूला कसंबसं रक्त पुरवतं. ते सोडून थेट तपासण्यांकडे.

पहिली फसगत डीएसएची (नसेत बारीक नळी घालून, कॉन्ट्रास्ट म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध सोडून केलेली अँजिओग्राफी). एमआरए (एमआरआयवर दिसणारं नसांचं चित्र) बघून निदान होतं, पण सर्जनला डीएसए लागतेच, आणि ती ‘पूर्ण’ लागते. म्हणजे फक्त आतल्या (मेंदूकडे जाणाऱ्या) कॅरोटिडची नाही, दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या (चेहऱ्याकडे, डोक्याच्या कातडीकडे जाणाऱ्या) कॅरोटिडचीही. जोडायची नस (कानासमोर बोट ठेवल्यावर जी उडते ती) बाहेरच्या कॅरोटिडचीच फांदी आहे. शिवाय मेंदूच्या आवरणातून आपोआप तयार झालेले रक्तपुरवठ्याचे रस्ते त्यातच दिसतात, आणि कवटी उघडताना ते कापले गेले तर असलेला पुरवठाही जातो. गावाकडच्या सेंटरला ‘ब्रेन अँजिओ’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी दिली की बाहेरच्या कॅरोटिडचं चित्रण राहून जातं. मग मोठ्या हॉस्पिटलात तीच तपासणी पुन्हा: पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा जांघेत सुई, पुन्हा पाय सरळ ठेवून चार-सहा तास पडून राहणं आणि पुन्हा पूर्ण बिल. चिठ्ठीवर ‘दोन्ही आतल्या, दोन्ही बाहेरच्या कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल’ (मानेतल्या मागच्या धमन्या) असं लिहून घ्या. फिल्म नको, डायकॉम (स्कॅनच्या मूळ डिजिटल) फाइलींची सीडी मागा. कॉन्ट्रास्टच्या आधी आणि नंतर भरपूर पाणी हवं, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रिपोर्ट जवळ हवा.

दुसरी तपासणी रक्तपुरवठ्याची: मेंदूच्या कुठल्या भागाला किती रक्त पोहोचतं ते दाखवणारा स्पेक्ट किंवा पर्फ्युजन स्कॅन. त्यात असेटाझोलामाइडचं इंजेक्शन देतात. निरोगी वाहिन्या त्याने फुगतात. ज्या आधीच पूर्ण ताणलेल्या आहेत त्या फुगत नाहीत, आणि आधी कुठली बाजू करायची हे त्यावरून ठरायला मदत होते. बोटांना मुंग्या येणं, वारंवार लघवी होणं अपेक्षित आहे. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

नेटवर ‘अशा बायपासचा फायदा नाही’ असं वाचून घाबरू नका. २०११ मध्ये आलेली ती मोठी चाचणी चरबीने बंद झालेल्या कॅरोटिडबद्दल होती, मोयामोयाबद्दल नव्हती. मोयामोयात रक्तस्राव झालेल्या प्रौढांवरची जपानी चाचणी २०१४ ची, आणि तिचा कौल बायपासच्या बाजूने आहे. उलट कुणी ‘एकदम नवी टेक्नॉलॉजी’ म्हणून आकडा फुगवत असेल, तर कवटीबाहेरची नस आतल्या नसेला जोडणं झ्यूरिकमध्ये यासरगिल यांनी १९६७ मध्येच केलं होतं, हे ध्यानात ठेवा.

बिलाबद्दल स्पष्टच: ‘पॅकेज’ हा शब्द फसवा. डीएसए, स्पेक्ट, मायक्रोस्कोपखाली नस वाहते का ते दाखवणारा हिरवा डाय, टायटॅनियमच्या पट्ट्या, ठरल्यापेक्षा जास्त लागलेले आयसीयूचे दिवस, ऑपरेशननंतरचा एमआरआय यातलं काय आत आणि काय बाहेर, हे लेखी घ्या. आयसीयूचा मुक्काम वाढेल असं धरूनच पैशांची जुळवाजुळव करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करणार असाल तर ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राकडून (योजनेचा हॉस्पिटलातला मदतनीस) प्रोसिजरचा कोड आणि मंजुरी बघून घ्या. नुसत्या ‘होऊन जाईल’वर विसंबू नका.

हॉस्पिटल निवडताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा: रात्री दोन वाजता पेशंटची बोली गेली तर एमआरआय होईल का? इमारत, कँटीन, खोली हे सगळं दुय्यम. कारण पुढे येतं.

आता आदली रात्र. मोयामोयाच्या मेंदूला दोन गोष्टी सोसत नाहीत: कोरडेपणा आणि जोरजोरात श्वास. पाणी कमी पडलं की बीपी पडतं, रक्त दाटतं आणि अरुंद नसांपलीकडे ते पोहोचत नाही. जोरात श्वास घेतला किंवा लहान मूल हमसून रडलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या नसा आवळतात, हात लुळा पडतो. म्हणून ‘रात्री बारानंतर काही नाही, सकाळी सलाइन लावू’ हा सरधोपट नियम इथे चालत नाही. आदल्या दिवशीच ॲडमिट होऊन रात्रीपासून सलाइन लागलं पाहिजे. मुलांना काही केंद्रं नेहमीच्या गरजेच्या सव्वा ते दीडपट देतात. केस सकाळची पहिली हवी. ती ढकलून दुपारी गेली तर सलाइन चालू आहे ना हे स्वतः बघा, आणि साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल हे भूलतज्ज्ञांना विचारा. मुलाला सुई लावायच्या तासभर आधी बधिर करणारं मलम लावून घ्या. विसरलेच तर आठवण करून द्या. पोर रडू नये हा इथे लाड नाही, उपचार आहे.

ॲस्पिरिनवरून हमखास गोंधळ होतो. इतर ऑपरेशनांआधी ती थांबवतात, म्हणून फॅमिली डॉक्टर किंवा वॉर्डातले ज्युनियर सवयीने बंद करायला सांगतात. मोयामोयात बरेच सर्जन ऑपरेशनच्या दिवसापर्यंत चालू ठेवतात, काही थोडे दिवस आधी थांबवतात. शब्द फक्त तुमच्या सर्जनचा, आणि तोही कागदावर.

ऑपरेशनचं थोडक्यात. थेट जोडणीत कानासमोरची नस सोडवून मेंदूच्या पृष्ठभागावरच्या साधारण एक मिलिमीटरच्या नसेला केसाहून बारीक दहा-शून्य नायलॉनने शिवतात. ही जोडणी लगेच वाहू लागते. अप्रत्यक्ष पद्धतीत नस किंवा कानशिलाचा स्नायू मेंदूवर नुसता पसरून ठेवतात. त्यातून नव्या वाहिन्या फुटायला महिने लागतात, आणि तोवर धोका जवळपास तेवढाच राहतो. लहान मुलांच्या नसा फार बारीक असल्याने त्यांच्यात बहुधा अप्रत्यक्ष करतात, प्रौढांत थेट किंवा दोन्ही मिळून. ‘बायपास झाली’ म्हणून पेढे वाटण्याआधी कुठली झाली ते विचारा.

आणि आता तो अवघड टप्पा. पेशंट दुसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा मागतो, नातेवाईक निर्धास्त होतात. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी शब्द अडखळतात, ओठाचा कोपरा किंवा हाताची बोटं बधिर होतात, डोकं ठणकतं. कारणं दोन असू शकतात. एक, वर्षानुवर्षं उपाशी राहिलेल्या भागात अचानक जास्त रक्त येऊन तो भाग सुजला. दोन, रक्त कमी पडतंय: जोडणी बंद पडली, पाणी कमी झालं किंवा दुसऱ्या बाजूची तूट उघडी पडली. बाहेरून लक्षणं सारखीच, उपचार मात्र नेमके उलटे. पहिल्यात बीपी खाली धरायचं, नाहीतर रक्तस्राव होऊ शकतो. दुसऱ्यात बीपी आणि सलाइन वाढवायचं, नाहीतर स्ट्रोक. एमआरआय आणि पर्फ्युजनशिवाय अंदाजाने बीपीची गोळी देणं किंवा बंद करणं म्हणजे जुगार. रात्रीच्या एमआरआयचा प्रश्न यासाठीच विचारायचा. जास्त रक्त आल्याने झालेला त्रास बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत पूर्ण ओसरतो, पण त्या रात्री हे कुणी सांगत नाही आणि घरच्यांचा जीव अर्धा होतो.

थेट जोडणीनंतर बऱ्याच ठिकाणी बीपीचा वरचा आकडा १२० ते १४० च्या दरम्यान ठेवतात. तुमच्या पेशंटची वरची आणि खालची मर्यादा विचारून उशाशी लिहून ठेवा. सोबतच्या माणसाने दर काही तासांनी नाव, वार विचारावं, दोन्ही हात उचलायला लावावेत, एक वाक्य म्हणून घ्यावं. फरक वाटला तर ‘थकला असेल’ म्हणून सोडू नका, नर्सला लगेच सांगा. वेदनाशामक वेळेवर हवं, कारण दुखलं की बीपी चढतं. शौचाला साफ होण्याचं औषध मागून घ्या, कुंथणं टाळायचंय.

डिस्चार्ज मिळाला म्हणून त्याच संध्याकाळची गाडी पकडू नका. तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा, बंगळुरूचं निम्हान्स अशा ठिकाणी महाराष्ट्रातून लांबून जाणाऱ्यांनी टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण दहा ते चौदा दिवस, हॉस्पिटलजवळच खोली धरावी. भाडं जातं, जाऊ द्या.

जखमेची गोष्ट वेगळी आहे. टाळूला (डोक्याच्या कातडीला) रक्त देणारी नसच आत वळवलेली असते, त्यामुळे कड काळी पडू शकते, मधुमेह आणि तंबाखू असेल तर जास्तच. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, मावशी-काकूंना हे निक्षून सांगा. चष्म्याची काडी, मास्कचं इलॅस्टिक, टोपी, हेल्मेट यांपैकी काहीही कानासमोर दाबायला नको. चष्म्याची त्या बाजूची काडी काढून ठेवा. त्या कुशीवर झोपणं बंद. डोक्याला तेल चोळणं, न्हाव्याकडची चंपी हे सर्जन ‘हो’ म्हणेपर्यंत नाही. कानशिलाचा स्नायू कापलेला असल्याने तोंड नीट उघडत नाही. मऊ भात, मुगाची खिचडी आणि शिकवतील तसा जबड्याचा व्यायाम. टाळू बधिर राहणं, हाड टकटकणं, त्या कानात ठोके ऐकू येणं हे घडतं. जखमेतून पाणी झिरपणं, ताप, वाढत जाणारी डोकेदुखी हे घडू द्यायचं नाही, परत जायचं.

घरी गेल्यावर आपल्याकडचे खास धोके: हरतालिकेचा निर्जळी उपवास, मे महिन्यातली लग्नं, कपालभाती आणि भस्त्रिका. शंख, पुंगी, फुगे, गरम आमटीवर जोरात फुंकर, सगळं त्याच यादीत. साधे जुलाब-उलट्या झाल्या तरी ओआरएसवर दिवस काढू नका, पाणी पोटात टिकत नसेल तर लगेच सलाइन. मायग्रेनसाठीच्या ट्रिप्टन गोळ्या आणि इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्या नकोत.

हात-पाय अचानक गेला तर आडवं झोपवा, वेळ बघा, बोली अडखळत असेल किंवा तोंड वाकडं असेल तर तोंडाने पाणीही देऊ नका, थेट मेंदूविकाराची सोय असलेलं हॉस्पिटल. खिशात कार्ड हवं: आजाराचं नाव, कुठली बाजू, थेट की अप्रत्यक्ष, तारीख, ॲस्पिरिनचा डोस, बीपीची मर्यादा, सर्जनचा नंबर. कॅज्युअल्टीत मोयामोया पाहिलेला डॉक्टर असेलच असं नाही, आणि वाढलेलं बीपी दिसताच ते झपकन उतरवण्याकडे हात जातो.

सहा महिने ते वर्षभराने पुन्हा अँजिओ. दुसरी बाजू बाकी असेल तर तिची तारीख पहिल्या डिस्चार्जच्या कागदावरच मागा. पहिली बरी झाली की घरात सगळ्यांना ती विसरायची घाई असते.